नागऱ्याची न पडलेली घंटा

शिवरात्रीच्या दिवशी भर दुपारी गोंदियाजवळच्या नागऱ्याच्या महादेवाच्या देवळातली घंटा पडली. पण ती पडलीच नाही असा पंचांचा ठराव आहे. तेव्हा आपणही ती वर टांगलेली आहे असं धरून चालू.

दुसरी मोठी लढाई संपल्यावर नागऱ्याचा दुधराम जबलपूरहून वेल्डिंग शिकून गोंदियाला परतला आणि टेकचंद शेठच्या धान गिरणीमागे त्याने टिनाचं शेड टाकलं. बाप उदारामला हा धंदाच मान्य नव्हता. "विजेनं लोखंड शिवते म्हणे! नांगर कोन धरन, तुयी वीज?" शेवटी बापाने अट घातली : देवळाची घंटा टांगायची तडकलेली कडी दुधरामने जोडावी. शिवरात्रभर टिकली तर शेड, नाही तर नांगर.

कडी घेऊन स्वतः सरपंच केशोराव आले. दुधरामने कानशीने घासून पाहिली. ओतीव लोखंड.

"काका, याले सरळ करंट लागते. गिरणीच्या इंजिनावर डायनामो आहे, तो देते. एकाच दिशेनं वाहते."

"अन् ते कोपऱ्यातलं खोकं?"

"ते गावच्या लाईनीवरचं. त्याचा करंट जाते अन् परत येते. साध्या लोखंडाले, वखराच्या पातीले चालते. ओतीवले नाही. ठिणगी थरथरते, टाका कडक होते अन् तडकते."

केशोराव विचारात पडले. "जाते अन् परत येते?"

"सेकंदाले पन्नास खेपा."

केशोरावांनी खोक्याला हात जोडले. "अरे, महादेवाची प्रदक्षिणा कशी घालतेत? पानी वाहून जाते त्या नाळीपर्यंत जायचं, अन् तिथूनच परत यायचं. नाळी ओलांडली का दोष! आम्ही सोमवारी एक घालतो अन् घुटने धरून बसतो. हे खोकं सेकंदाले पन्नास घालून राहिलं, अन् तू म्हनतेस चालत नाही?"

"काका, ते देवाचं. हे लोखंडाचं."

"कडी कोनाची?"

"...देवाची."

"मंग! तुया सरळ करंट गोल फिरते का नाही?"

दुधराम खरं बोलणारा माणूस होता, हाच त्याचा दोष. "फिरते. तारेतून जाते अन् दुसऱ्या तारेनं फिरून घरी येते."

"म्हंजे नाळी ओलांडते!" केशोराव गरजले. दारात उभ्या उदारामने समाधानाने तंबाखू मळायला घेतली.

दुधरामने कडी भट्टीत तापवली, ठरल्याप्रमाणे खोक्याच्या धार्मिक करंटाने जोडली आणि थंडी लागू नये म्हणून कोंड्याच्या राखेत बाळंतिणीसारखी निजवली. टाका दिसायला सुरेख होता. त्याने हळूच हातोडी मारून कान लावला. आवाज फुटक्या मडक्याचा आला. हे त्याने केशोरावांना सांगितलं. "श्रद्धा ठेव," केशोराव म्हणाले.

शिवरात्रीला केशोरावांनी नारळ ठेवला, घंटा वाजवली आणि घंटेने खाली येऊन स्वतःच नारळ फोडला.

त्याच जागी पंच बसले. करंट सरपंचांनी निवडला होता आणि सरपंच चुकत नाहीत. म्हणून घंटा पडलेली नाही. एकमत झालं. उदारामही पंच होता. घाईत त्याचाही हात वर गेला आणि वर गेल्यावर त्याला कळलं की आपण पोराचं शेड मंजूर केलं.

दुधरामचं शेड वाचलं. पण त्याचं सुख तिथेच संपलं. आता भाविक उकिडवे बसून घंटेला गोट्याने ठप् करतात, आणि शेजारी त्याचा तुटका टाका सगळ्या जिल्ह्याला दिसतो. गिऱ्हाईक तो पाहूनच माघारी फिरतं. नाळीपर्यंत येऊन परत गेल्यासारखं. कडी पुन्हा जोडून देतो म्हटलं, तर केशोराव विचारतात, "काऊन? तुटली का?"

म्हणून त्याने अर्ज दिला :

"मा. सरपंच व पंचमंडळी, मौजा नागरा, यांस. अर्जदार दुधराम वल्द उदाराम, वेल्डर, सविनय विनंती करतो की, न पडलेली घंटा, जी सध्या जमिनीवर आहे, ती कडीसह खाली उतरवून सरळ करंटाने दुरुस्त करण्यासाठी अर्जदाराच्या ताब्यात देण्याची मेहरबानी व्हावी."