पाळी अडली

"हात लावू नका कुनी! यंत्राचं काळीज उघडं पडलंय!"

करंटबाबा ओरडला आणि पिंपळीतल्या त्या मोटारीच्या खोलीसमोर जमलेली माणसं एकदम मागं सरकली. ग्रामसभेला बोलवून बोलवून दमलं तरी एवढी गर्दी कधी होत नाही. चमत्कार म्हटला की मात्र दूध घालायचं टाकून येतात.

करंटबाबा इंदापूरकडचा. भगवी लुंगी, गळ्यातल्या रुद्राक्षांत मधेमधे ओवलेले तांब्याचे वायशर, आणि मंत्र तर असा की उभ्या जन्मात कुणी ऐकला नसेल. "ॐ फेज, ॐ न्यूट्रल, अर्थिंगमाते रक्षण कर, फट् स्वाहा!" जळकी मोटर, रुसलेला ट्रॅक्टर, मुका मोबाईल, सगळं म्हणे तो बोलतं करतो. आज त्याच्यासमोर भिंतीवरचा एक पांढरा डबा होता. एका शेततळ्यावर भावकीतली चार घरं पाणी घेत. कुणाच्या ठिबकला कधी पाणी सोडायचं ते हा डबा सांभाळायचा. वेळ झाली की व्हॉल्व्ह आपोआप उघडायचा, वेळ संपली की आपोआप मिटायचा. आज मोबाईलवर 'व्हॉल्व्ह चालू' असं ठळक दिसत होतं आणि रानात पाण्याचा टिपूस नव्हता.

बाबानं मेन स्विच पाडला, डब्यातली बॅटरी सोडवली, लाल फडक्यात गुंडाळून कडुलिंबाच्या डहाळीनं झोडपली, दोन लिंबं कापली आणि बॅटरी परत जोडून स्विच चढवला. डब्यात खटकन वाजलं. पाइपात सुरसुर झाली आणि काकडीच्या सरीवरच्या नळ्या टम्म फुगल्या.

"आलं की वो पानी!" शेजारच्या रानातला, भावकीतलाच रावजी नाचायचाच बाकी राहिला. लोकांनी बाबाच्या पायावर डोकी टेकली.

गर्दीत निकिता उभी होती. डबा तिनंच बनवलेला. संभाजीरावांची ही लेक बारामतीत एका छोट्या कंपनीत इंजिनिअर होती, डब्यातली सगळी अक्कल तिच्या हातची. बाबानं बॅटरी सोडवताना आधी काळी वायर काढली, मग लाल, हे तिनं नेमकं पाहिलं. हा इन्व्हर्टर दुरुस्तीवाल्याचा हात, हे तिला तिथंच कळलं. पण बोलणार कुठल्या तोंडानं? डबा का अडतो हे तिलाच कित्येक दिवस सापडत नव्हतं. तिनं चारचौघांसारखे हात जोडले. लाज वाटत होती, तरी जोडले.

"पन बाबा, यंत्राला ह्ये झालं कशानं?" संभाजीरावांनी विचारलं.

"नेमकं कवा अडतं?" बाबानं डोळे मिटून घेतले.

रावजीनं मोबाईल पुढं धरला. त्यावर लाल अक्षरांत एकाखाली एक तीच ओळ होती. 'पाळी अडली: शकुबाई.' 'पाळी अडली: शकुबाई.'

आता पाण्याची पाळी म्हणजे पाण्याचा नंबर, हे पिंपळीत शेंबड्या पोरालाही ठाऊक. पाणी वाहिलं नाही की चारही घरांच्या मोबाईलवर तसा निरोप यायचा, आणि तो मजकूरही निकितानंच लिहिलेला. पण बाबानं एक डोळा किलकिला करून वाचलं आणि त्याचं थोबाड उजळलं.

"विटाळ!" तो किंचाळला. "बाईच्या अडल्या पाळीचा विटाळ यंत्राच्या काळजात शिरलाय! कोन ही शकुबाई?"

शकुबाई पुढंच उभी होती. संभाजीरावांच्या थोरल्या भावाची बायको, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, निकिताची काकी. ती पदर खोचून कडाडली, "आरं मुडद्या, माझी पाळी जाऊन जमाना झाला! ह्यो पान्याचा नंबर हाय!"

कुणीतरी फिस्सकन हसलं. पण बाबा पोचलेला. "गेल्याली पाळीच तर जास्त बाधती! त्यात कपाळाला कुंकू न्हाय!"

संभाजीराव घसा खाकरून म्हणाले, "आमची निकीबी फोनवर म्हनत हुती, वैनीच कायतरी भलतं दाबत्यात म्हनून."

खरं होतं. कारण सापडेना तेव्हा आपल्या कामाची अब्रू वाचवायला निकितानं हेच सांगितलं होतं. सगळ्यांच्या नजरा तिच्याकडं वळल्या.

"निके, तू तर शिकल्याली हायस," शकुबाई म्हणाली. "सांग की गं ह्यांना."

निकिता चपलेच्या अंगठ्याकडं बघत राहिली.

झालं, अमावास्येपर्यंत शकुबाईची पाळी बंद आणि मोटारीच्या खोलीकडं फिरकायचं नाही, असं ठरलं. भर चैत्रातली काकडी, फुलोऱ्यात आलेली, तिच्यावरच बाईचं वर्ष निघायचं. पाणी तुटलं की वेल माना टाकणार, हे सांगायला बाबा लागत नाही.

आणि गंमत बघा, शकुबाईची पाळी काढल्यापासून डबा खरंच अडला नाही! उरलेल्या तिघांची रानं मजेत भिजू लागली. आता बोला! बाबाचा फोटो मोटारीच्या खोलीत लागला, त्याला उदबत्तीही सुरू झाली.

रविवारी निकिता गावी आली तर काकी हापशावरून हंडे वाहून एकेका वेलाच्या बुडाला तांब्यातांब्यानं पाणी घालत होती. "मी धरू का काकी?" म्हटल्यावर ती म्हणाली, "नगं बाई. भलतंच कायतरी धरशील." निकिता घरात न थांबता बारामतीला परत गेली. एस.टी.त तिला कुणी बघतंय का, याचीही पर्वा न करता ती रडली.

दुसऱ्या दिवशी तिनं तसाच डबा टेबलावर मांडला. आजवर ती कॉम्प्युटरवरून डब्याला विचारायची, व्हॉल्व्ह चालू आहे का? डबा म्हणायचा, चालू. ती म्हणायची, मग बरोबर आहे. आज पहिल्यांदाच तिनं डब्याचं ऐकलं नाही. पिंपळीसारखीच बॅटरी वेगळी, लाइट वेगळी जोडली, व्हॉल्व्ह चालू केला, लाइटचा स्विच फटकन पाडून चढवला आणि थेट व्हॉल्व्हला मीटर लावला. व्हॉल्व्ह बंद! कॉम्प्युटरवर मात्र अजून चालूच.

तिनं डोकं धरलं. दोष बिचाऱ्या व्हॉल्व्हचा नव्हता, मोबाईलचा नव्हता, काकीचा तर नव्हताच. तिनं लिहिलेल्या ड्रायव्हरचा, म्हणजे व्हॉल्व्हला हुकूम देणाऱ्या प्रोग्रॅमचा होता. काकीला भलतं दाबायला त्या मोबाईलवर होतं तरी काय? 'पाणी सोडा' हे एकच बटण. भावकीत एकमेकांचं पाणी तोडतील म्हणून बंद करायचं बटण निकितानं मुद्दामच ठेवलं नव्हतं.

अमावास्येला बाबाचा सत्कार ठेवला होता. पिठलं-भाकरी, शाल, नारळ, सगळा थाट. शकुबाई बांधावरच थांबली होती. निकिता लॅपटॉप घेऊन सरळ मोटारीच्या खोलीपाशी गेली.

"काकीचा नंबर रोज पहिला असायचा, लाइट येते त्या वेळचा," ती मोठ्यानं म्हणाली. "आज तिथं मी आमच्या आबांचा, वडलांचा नंबर लावलाय. बघा काय होतंय."

लाइट आली. शेतीची लाइट ती, सरळ कधी येते? आली, गेली, परत आली. खोलीतला दिवा मिचमिचला आणि थोड्याच वेळात रावजीचा मोबाईल वाजला. रावजीनं सवयीनं खणखणीत आवाजात वाचलं, "पाळी अडली: संभाजीराव."

मग बायकांच्या घोळक्यातून असा काही हशा फुटला की भाकरीच्या टोपल्या हलल्या. संभाजीरावांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"बाबा, आता विटाळ कुणाचा?" निकितानं विचारलं.

"ते... पुरुषालाबी ग्रहांची..." बाबा चाचरला.

"ग्रह राहू द्या. बॅटरी सोडवताना आधी काळी वायर, मग लाल. इन्व्हर्टरच्या दुकानात किती वर्षं होता? बॅटरी काढली की अडलेलं यंत्र नव्यानं सुरू होतं, हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं."

बाबानं लिंबं गोळा केली. "प्रसाद तरी घ्या," कुणीतरी म्हणालं, पण तोवर त्यानं मोटारसायकलला किक मारली होती.

"हसू नका," निकिता म्हणाली. "मूळ चूक माझी आहे. व्हॉल्व्हच्या चिपमध्ये एक जागा असते, तिला रजिस्टर म्हणतात. तिथं चालू लिहिलं की पाणी सुटतं. ते लिहायचं काम मी केलेला ड्रायव्हर करतो."

"डायवर? एवढ्याशा डब्यात?" रावजीनं वाकून पाहिलं.

"मुकादम म्हणा. पण हा मुकादम आळशी. पाणी सोडलं की तळहातावर लिहून ठेवतो. लाइटच्या झटक्यानं चिप सगळं विसरते, व्हॉल्व्ह मिटतो. मुकादम बॅटरीवर जागाच. त्याला सांगितलं, पाणी सोड, तर तो हात बघतो आणि म्हणतो, सोडलंय की! बांधावर जाऊन बघतच नाही. विचारलं तरी हातावरचंच वाचून दाखवतो. बॅटरी काढली की हात धुतला जातो, म्हणून तो परत कामाला लागतो. काकीच्या वेळेला लाइट येते, म्हणून काकीचंच पाणी अडायचं. दुसरं काही नाही. मी त्याला बांधावर जायला शिकवायला हवं होतं. आणि मीसुद्धा इतके दिवस त्याच्या हातावरचंच वाचत बसले."

तिनं लॅपटॉप जोडून दुरुस्त केलेला प्रोग्रॅम भरला. मग रावजीलाच मेन स्विच पाडायला आणि चढवायला लावला. त्यानं हौसेनं पुन्हा पुन्हा केलं. दरवेळी डब्यात खटकन वाजलं आणि पाणी पुन्हा सुरू झालं. ना लिंबू, ना फडकं. संभाजीरावांनी स्वतःच बाबाचा फोटो उतरवला. "वैनी, चुकलं आमचं," ते बांधाकडं बघून म्हणाले. "आजपासनं पयला नंबर तुमचाच."

शकुबाई खोलीपाशी आली. डब्याकडं तिनं बघितलंही नाही.

"यंत्राचं जाऊ दे, निके. तुला कारन कळत नव्हतं, ह्येबी जाऊ दे. पन पाळी कशाची ती तर तुला ठावं हुतं ना? तूच लिवल्यालं. मग त्या दिशी गप का बसलीस?"

"मला वाटलं, यंत्र का अडतं ते विचारतील, आणि मला सांगता येणार नाही..." सगळ्या गावासमोर निकिताची मान खाली गेली.

"मग 'ठावं न्हाय' म्हनायचं!" शकुबाई म्हणाली. "त्याला का जीभ झडती?"

ती आपल्या रानाकडं गेली. नळ्यांतून पाणी ठिबकत होतं, पण निम्म्या सऱ्यांवरचे वेल केव्हाच वाळून गेले होते. निकिता मागोमाग गेली आणि काही न बोलता वाळलेले वेल उपटू लागली. काकीनं तिला ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही.

मंडळी, बाबा लोक कुठून येतात असं विचारता ना? इंदापुराहून नाही येत. आपल्याला ठाऊक नसतं आणि ते कबूल करायची लाज वाटते, तिथून येतात. तेव्हा यंत्र अडो, मूल आजारी पडो, गाय आटो, आधी जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघा, तपासा, जाणत्याला विचारा. तरीही कारण नाहीच सापडलं, तर ठाऊक नाही म्हणा. त्या रिकाम्या जागी कुठल्या बाईचं नाव भरू नका.