माझ्या हौद्यातलं फुकटचं जळण

माझं वय विचारू नका मित्रांनो, मी जुनी आहे एवढंच सांगते. मी एक पिकअप गाडी. पुढे दोघांपुरती जागा, मागे उघडा हौदा, आणि हौद्याला साखळ्यांनी धरलेला फाळका. कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा मी हिरवीगार होते. आता कुठे हिरवी आहे, कुठे तांबूस, आणि दारांच्या खालच्या कडेला तर पत्राच उरलेला नाही.

पहिली अकरा वर्षं मी एका कोळ्याकडे काढली. त्याने माझ्यातून इतकी कोळंबी वाहिली की मी थांबले की मांजरं गोळा व्हायची. मग मला अल्फॉन्सो गॅड्सडेन यांनी घेतलं आणि माझे दिवस पालटले. समुद्राकाठच्या सतरा नंबरच्या हमरस्त्यावर, खाजणाच्या कडेला, त्यांचं बार्बेक्यूचं छोटं हॉटेल होतं. विटांच्या भट्टीत निखाऱ्यांवर डुक्कर दिवसभर भाजायचं आणि त्यावर व्हिनेगर व लाल मिरचीचं पाणी मारत राहायचं, हा त्यांचा धंदा. भट्टीसाठी लाकूड आणायचं काम माझं होतं. ओक, हिकरी, पेकान, सगळी झाडं मी पाठीवर घेतली आहेत.

अल्फॉन्सोंचं नाक त्या किनाऱ्यावर प्रसिद्ध होतं. लाकडाचा तुकडा हुंगून ते झाड सांगायचे, किती वर्षं वाळलंय ते सांगायचे. लोक मुद्दाम तुकडे आणून त्यांची परीक्षा घेत. एकदा एकाला ते म्हणाले होते, "हे तुझ्या सासऱ्याच्या अंगणातलं आहे. विचारून आणलंस ना?" तो माणूस तसाच परत गेला. मी त्यांची गाडी आहे याचा मला फार अभिमान वाटायचा. त्यांची मुलगी व्हर्नेल नऊ वर्षांची असताना तिने माझ्या दारावर पांढऱ्या रंगात 'गॅड्सडेन' असं लिहिलं. शेवटची दोन अक्षरं खाली घसरली आहेत, पण ती कोणी पुसली नाहीत.

पुढे हॉटेलसाठी बंद टपाची नवी गाडी आली आणि मी मागच्या अंगणात पडून राहिले. कोंबड्यांनी माझ्या सीटवर अंडी घातली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? तरी वर्षातले चार दिवस माझेच होते. दर ऑक्टोबरात अल्फॉन्सो हॉटेल बंद ठेवून किनाऱ्याने उत्तरेकडे निघायचे आणि वाटेतल्या भट्ट्यांवरचं खायचे. दुसऱ्याच्या हातचं खाल्लं नाही की आपला हात चढेल होतो, असं त्यांचं म्हणणं. त्या वारीला त्यांना मीच लागायची.

भट्टीवाल्यांची एक रीत आहे, मित्रांनो. भट्टीवाला दुसऱ्या भट्टीवाल्याकडे पुढच्या दाराने जात नाही. तो मागे जातो, गाडीचा फाळका पाडतो आणि त्यावर बसून खातो. शिवाय तो रिकाम्या हाताने जात नाही, आपल्याकडचं लाकूड घेऊन जातो. पाहुणा पहिला तुकडा हुंगून लाकडाचं नाव सांगतो आणि यजमानाच्या हाती देतो. यजमान तो हुंगतो आणि म्हणतो, "ये, विस्तवाला ये." त्यानंतरच गप्पा सुरू होतात. हे सगळं माझ्या फाळक्यावर घडत आलंय, म्हणून ही गोष्ट मला सांगता येते.

मागच्या हिवाळ्यात अल्फॉन्सोंना मोठा ताप आला. ते उठले, भट्टीवर उभे राहिले, सगळं पहिल्यासारखं सुरू झालं. मग वसंतात नवी गाडी दुरुस्तीला गेली म्हणून त्यांनी मला बाहेर काढलं, आणि माझी पेट्रोलची नळी चिरली. केबिन वासाने भरून गेलं. अल्फॉन्सो मला सोळा मैल चालवत राहिले, आणि त्यातले बारा मैल त्यांच्या ओठांत सिगार होता. तो पेटवायला त्यांना काडी सापडत नव्हती, एवढंच आमचं नशीब. घरी पोहोचल्यावर व्हर्नेलने दार उघडलं आणि ती मागे सरली. वडिलांना वास येतच नाही, हे तिला तिथेच कळलं. नळी तिनेच बदलली.

ऑक्टोबरात ती म्हणाली, यंदा मी तुमच्याबरोबर येते, गाडी मी चालवते. तिचा हेतू मला ठाऊक होता. नाक गेलेला माणूस भट्टीवर उभा राहिला तर मांस नासलंय, चरबी पेटलीय, हे त्याला कळणार कसं? कोणीतरी त्यांना सांगायला हवं होतं. पण हे त्यांच्या तोंडावर सांगणं म्हणजे त्यांची पन्नास वर्षं हिसकावून घेणं. मुलीला धीर होत नव्हता.

या खेपेला प्रवासाच्या शेवटी खाण्याचं नव्हे, रांधण्याचं काम होतं. उत्तरेला मिस अर्लीन मॅनिगो नावाच्या म्हाताऱ्या भट्टीवालीचा खांदा पायरीवरून पडून मोडला होता. तिच्या चर्चची वर्षाची मोठी पंगत शनिवारी होती, दोनशे माणसांची. तिने फोन केला आणि अल्फॉन्सोंनी शब्द दिला. शनिवारच्या आधी बोलायचं, असं व्हर्नेलने ठरवलं होतं.

पहिल्या दिवशी पिवळ्या मोहरीच्या रसातलं मांस मिळालं. अल्फॉन्सो आधी व्हर्नेलचा चेहरा पाहायचे आणि मग बोलायचे. तिने भुवई उचलली तर ते म्हणायचे, मोहरी अंमळ जास्त. तिला ते कळलं, मलाही कळलं. दुसऱ्या दिवशी मात्र फजिती झाली. तिथला मालक प्रिओलो त्यांचा जुना दोस्त. पहिला घास घेऊन अल्फॉन्सो म्हणाले, "काय हिकरीचा धूर मुरलाय रे. तुझा हात अजून तसाच आहे."

प्रिओलोने मान खाली घातली. त्याने उन्हाळ्यातच भट्टी मोडून गॅसची शेगडी बसवली होती. मित्र आपल्याला टोमणा मारतोय असं त्याला वाटलं. तो आत निघून गेला आणि निरोप द्यायलाही बाहेर आला नाही. व्हर्नेलच्या हातातला घास तसाच राहिला. निघताना अल्फॉन्सोंना मागच्या दाराशी गॅसच्या टाक्या दिसल्या आणि आपण काय बोलून बसलो ते त्यांना उमगलं.

तिसऱ्या दिवशी माझ्या हौद्यातलं घरचं लाकूड संपलं. सगळं यजमानांना वाटून झालं होतं. व्हर्नेल एका दुकानात बर्फ घ्यायला गेली तेवढ्यात अल्फॉन्सोंना रस्त्यापलीकडे ढीग दिसला. पाटीवर लिहिलं होतं, 'फुकट जळण'. ते मला तिकडे घेऊन गेले. त्यांनी एक तुकडा उचलला, रेषा पाहिल्या, वजन पाहिलं, सवयीने नाकाला लावला आणि समाधानाने मान हलवली. लाकूड ओकचंच होतं, अगदी गाभ्याचं. पण ते जुन्या रुळांखालच्या स्लीपरचं ओक होतं. काळ्या कडा कापून टाकलेल्या, आणि आत पन्नास वर्षांचं डांबरी तेल मुरलेलं. डोळ्याला ते सोन्यासारखं दिसत होतं. चूक सांगणारं होतं फक्त नाक.

त्यांनी हौदा भरला आणि वर ताडपत्री बांधली. व्हर्नेल आली तेव्हा खाजणातल्या चिखलाचा वास सगळीकडे भरून होता. काचा उघड्या, वारा समोरून येणारा. तिला काही कळलं नाही. उन्हाने तेल पाझरून माझ्या पत्र्यावर पसरत होतं. मित्रांनो, मी आयुष्यात एकदाच बंद पडायची इच्छा केली, ती त्या दिवशी. पण माझं इंजिन नको तेव्हा नेमकं नीट चालतं.

शनिवारी उजाडायच्या आधीच मिस अर्लीनच्या अंगणात चर्चची वीसेक माणसं जमली. टेबलं मांडली जात होती. बर्फातून काढलेलं डुक्कर भट्टीशेजारी तयार होतं. संध्याकाळी पाचला पान वाढायचं तर सहाला विस्तव पेटायलाच हवा होता. अल्फॉन्सोंनी फाळका पाडला, ताडपत्री मागे घेतली आणि एक तुकडा उचलून सगळ्यांसमोर नाकाला लावला.

"ओक," ते म्हणाले. "तीन वर्षं वाळलेलं. गोड वास आहे."

तुकडा त्यांनी मिस अर्लीनला दिला. तिने धडधाकट हाताने तो घेतला, हुंगला, आणि तिचा चेहरा गोठला. रीतीचे शब्द ती बोललीच नाही. तिने तो तुकडा व्हर्नेलपुढे धरला. व्हर्नेलने वास घेतला. त्या लाकडाचे निखारे मांसाखाली गेले असते तर दोनशे माणसांच्या पोटात ते विष गेलं असतं.

"डॅडी," व्हर्नेल म्हणाली, "हे नाही पेटवायचं."

"का नाही? रेषा बघ. ओक आहे."

"ओक आहे. पण वास कसला येतोय, सांगा."

अल्फॉन्सोंनी तुकडा परत घेतला, नाकाशी धरला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. पुन्हा एकदा खोटं सांगता आलं असतं, पण ते त्यांनी सांगितलं नाही. तुकडा हौद्यात टाकून ते केबिनमध्ये येऊन बसले, दार लावलं आणि किल्ली फिरवली. मी सुरू झाले.

व्हर्नेल खिडकीशी आली. ती म्हणाली, स्लीपरचं लाकूड आहे ते, डांबराने भरलेलं.

"तापातून उठलो तेव्हापासून," ते समोर बघत म्हणाले. "कॉफी नाही, धूर नाही, काही नाही. माझ्या स्वतःच्या भट्टीचासुद्धा वास येत नाही. आता झालं समाधान?"

"मला माहीत होतं. पेट्रोलची नळी चिरली तेव्हापासून."

त्यांनी वळून पाहिलं. इतका दुखावलेला चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. "म्हणजे तीन दिवस तू मला परीक्षेला बसवलंस. प्रिओलोपुढे माझी शोभा केलीस."

"हो," ती म्हणाली आणि रडायला लागली. "सांगायला घाबरले मी. तुम्ही लपवलंत, मीही लपवलं. आज दोनशे माणसं आजारी पडली असती डॅडी, तर त्यातला अर्धा दोष माझा असता."

इंजिन घरघरत होतं. अल्फॉन्सोंनी किल्लीवरचा हात ना काढला, ना गिअर टाकला. तेवढ्यात मिस अर्लीन गळ्यात बांधलेल्या हातानिशी तशीच चालत आली आणि माझ्या बॉनेटवर थाप मारून म्हणाली, "तुमचं रडणं-भांडणं संध्याकाळी करा. डुक्कर थांबायचं नाही. माझा खांदा मोडलाय, अल्फॉन्सो, तुझं नाक मोडलंय. या पोरीचं दोन्ही शाबूत आहे. तिघांचं मिळून एक माणूस होतंय का बघू."

अल्फॉन्सोंनी किल्ली उलटी फिरवली.

त्यानंतरची धावपळ मी आजही विसरले नाही. खांदा मोडल्यापासून मिस अर्लीनकडे लाकूड उरलं नव्हतं, म्हणून चर्चची माणसं आपापल्या घरी पळाली आणि परसातलं मिळेल ते लाकूड घेऊन आली. ती रांगेने व्हर्नेलपुढे उभी राहायची. ती हुंगून सांगायची, पेकान आहे, ओक आहे, हे बुरसटलंय, बाजूला टाका. मग तोच तुकडा अल्फॉन्सो हाती घ्यायचे, दुसऱ्यावर ठोकायचे आणि आवाज ऐकून सांगायचे की वाळलेलं आहे की ओलं. सहाचे साडेसहा झाले, पण विस्तव पेटला. लोखंडी पिंपात लाकूड जळून निखारे झाले, आणि फावड्याने निखारे ओढून भट्टीत पसरायचं काम अल्फॉन्सोंनी कोणालाही दिलं नाही. जाळीवर तळहात धरून ते आच मोजत होते.

दुपारी चरबी गळू लागली. ते माझ्या फाळक्यावर येऊन बसले. व्हर्नेल भट्टीशी उभी होती.

"काय म्हणतंय?" त्यांनी विचारलं.

तिने वास घेतला. "कातडी आता भाजायला लागलीय. पेकानचा धूर वर आहे, गोडसर. खाली व्हिनेगर लागतंय नाकाला, डोळ्यांत पाणी येतंय."

"अजून?"

"अजून मिठाचा. ओहोटी लागली असेल, खाजणाचा वास येतोय. आणि तुमच्या शर्टाचा."

अल्फॉन्सोंनी डोळे मिटले. ती बोलत राहिली आणि ते मान हलवत राहिले. संध्याकाळपर्यंत त्यांनी तिला तसं पंधरा-वीस वेळा तरी विचारलं असेल, आणि एकदाही तिने कंटाळून उत्तर दिलं नाही. पाचच्या ऐवजी पावणेसहाला पानं वाढली गेली. कोणी तक्रार केली नाही. मिस अर्लीनने पहिलं ताट व्हर्नेलच्या हाती दिलं आणि राहिलेले रीतीचे शब्द सगळ्यांना ऐकू जातील असे तिला म्हटले, "ये, विस्तवाला ये."

परतताना अल्फॉन्सो शेजारी बसले होते आणि गाडी व्हर्नेलच चालवत होती. प्रिओलोच्या हॉटेलापाशी त्यांनी मला थांबवायला लावलं, नाकाचं खरं काय ते सांगायला ते एकटेच मागच्या दाराने आत गेले आणि तासाभराने दोघं दोस्त हसत बाहेर आले.

मित्रांनो, मी पत्र्याची आहे, माझी नळी चिरली की वास सुटतो आणि कोणालाही कळतं. माणसांचं तसं नसतं. तुमच्या घरातलं एखादं मोठं माणूस तुमचा चेहरा बघून चव सांगू लागलं, न ऐकताच हो म्हणू लागलं, तर त्याची परीक्षा घेत बसू नका आणि गप्पही राहू नका. जवळ बसा, विचारा. आणि त्याने तुम्हाला विचारलं, "काय म्हणतंय?" तर घाई करू नका, सगळं सांगा.