हेमावतीचे पाय

मालतीला जावेचा हेवा वाटायचा, पण दागिन्यांचा नव्हे आणि साड्यांचाही नव्हे. पायांचा. ऐकणारा हसला असता, म्हणून तिनं ते कुणालाच सांगितलं नव्हतं.

तिच्या सासूच्या, गुरम्माच्या घरात कडक भाकरीचा धंदा होता. थोरला मुलगा सिद्धाराम नवी पेठेतल्या दुकानात भाकरी विकायचा आणि त्या करायच्या त्याची बायको मालती आणि धाकटी जाऊ हेमावती. थापणं-भाजणं मालतीकडे, मळणं हेमावतीकडे. सगळं काम ओट्यापुढं उभ्यानं. दोघींच्या पोटऱ्यांवर निळ्या शिरांच्या गाठी उठल्या, संध्याकाळी घोटे सुजायला लागले, तेव्हा दोघी एकाच रिक्षातून एकाच डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. सल्लाही दोघींना एकच मिळाला. एका जागी फार वेळ उभं राहू नका, रोज चाला, वजन आवरा, पायात डॉक्टरी घट्ट मोजे घाला आणि दिवसातून दोन-तीनदा पाय छातीपेक्षा उंच ठेवून पडा. शिरा जायच्या नाहीत, पण त्रास कमी होईल.

मालतीनं या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडून दिलं. उभं राहायचं नाही, तर भाकरी काय डॉक्टरीणबाई थापणार? आणि खरं सांगायचं तर तिला बसायचंच नव्हतं. सासू आणि धाकटी दोघी अक्कलकोटकडच्या, आपसात कानडी बोलायच्या. वैरागहून आलेल्या मालतीला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही. त्या घरात तवा तेवढा तिचा होता. गिऱ्हाईक येतं ते आपल्या हातच्या भाकरीला, हे तिनं मनात पक्कं धरलं होतं आणि त्याच बळावर ती उभी होती.

हेमावतीनं मात्र सगळं मनावर घेतलं. ती सकाळी सिद्धेश्वर तलावाच्या काठानं चालून यायची, पीठ स्टुलावर बसून मळायची आणि दुपारी जेवणं उरकली की खोलीत जाऊन दार लोटून घ्यायची. मालती नाक मुरडायची. पण दिवाळी आली तोवर हेमावतीच्या घोट्यांची सूज उतरली होती आणि ती जिना पोरीसारखा चढत होती. मालतीनं हट्टानं कढत पाण्यात पाय बुडवले, तिळाचं तेल खसाखसा रगडलं. सूज होती त्याहून वाढली आणि घोट्याजवळची कातडी काळी पडून खाजायला लागली.

त्यात गुरम्माही दुपारची त्या खोलीत शिरायला लागली. आतून कानडी कुजबूज आणि हसणं ऐकू यायचं. मालतीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. म्हातारीनं माहेराहून कसली तरी मुळी आणली असणार आणि ती लाडक्या सुनेलाच लावत असणार, याबद्दल तिला शंका उरली नाही. हेमावती बाहेर गेल्यावर तिनं तिचं कपाटसुद्धा धुंडाळलं. सापडलं फक्त केसांचं खोबरेल.

एके दुपारी तिनं गॅस बंद केला, पिठाचे हात तसेच घेऊन गेली आणि दार ढकललं.

जमिनीवर सासू आणि सून शेजारी शेजारी उताण्या पडल्या होत्या. दोघींचे पाय भिंतीला टेकून वर गेलेले, म्हातारीचं लुगडं गुडघ्याशी नीट खोचलेलं. सासूसमोर पाय पसरायची मालतीची कधी छाती झाली नव्हती. इथं सासूच पाय वर करून पडली होती. मुळी नाही, लेप नाही, काही नाही. मालतीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मला का न्हाई बोलावलं?"

"बोलावलं की," गुरम्मा पडल्या पडल्याच म्हणाली. "पयल्यांदा रोज हाक मारत हुते. तू म्हणालीस, मला लोळायला सवड न्हाई."

हेमावती उठून बसली. "अक्का, तुमी तव्यापुढं उभ्या असता म्हणून आमाला पडाय मिळतं. आता तुमी पडा. मी थापते."

तुला जमायचं नाही, असं मालतीच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण पाय ठणकत होते. गुरम्मा सरकली, मालती आडवी झाली आणि म्हातारीनं तिच्या डोक्याखाली आपली उशी दिली. स्वयंपाकघरातून भाकरी थापल्याचा आवाज येत राहिला आणि मालती डोळे मिटून त्यातल्या चुका काढत राहिली. ही जाड झाली असणार. हिची कड फाटली असणार.

दुसऱ्या दिवशी त्या भाकरी विकून सिद्धाराम जेवायला आला, तेव्हा तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, आजच्या भाकरीबद्दल कुणी काही बोललं का?

"काय बोलणार? रोजच्यासारख्याच हुत्या की. संपल्या," तो म्हणाला आणि ताटावर बसला.

एकानं तरी तोंड वाकडं करायला हवं होतं, असं मालतीला वाटत राहिलं. जेवणं झाल्यावर हेमावतीनं तिच्या हातातली परात काढून घेतली आणि पडायला जायला सांगितलं. मालती खोलीत गेली, आडवी झाली, तिनं पाय भिंतीला लावले. पायांना लगेच बरं वाटायला लागलं. तेच तिला सहन होत नव्हतं.