खालच्या आवाजात

पाळकांनी माइक तोंडाजवळ ओढला आणि मागच्या बाकावरच्या तिघा पाहुण्यांकडे पाहत नसल्यासारखं पाहून घेतलं. शहरातल्या मोठ्या चर्चच्या मंडळीने त्यांना पाठवलं होतं. आजचा उपदेश पसंत पडला की तिथली जागा पाळकांची. भलंमोठं सभागृह, खचाखच भरणारं. इथे इतक्या वर्षांत अर्धे बाक कधी भरले नव्हते. आपली सेवा वायाच गेली, असं त्यांना अलीकडे फार वाटायचं.

आवाज मात्र मूळचा खणखणीत. तुमच्या हाती माइक देणं म्हणजे वाघाला कर्णा देणं, असं बायको म्हणायची. पहिल्या काही वाक्यांतच एका पाहुण्याने मान डोलावली. पाळकांना हुरूप आला, आणि नेमकं तेव्हाच पुढच्या बाकावर कुणीतरी घोरलं.

बेकरीवाला होता. मान मागे, तोंड उघडं. आता पाहुणे म्हणणार, हा पाळक की झोपेचं औषध? पाळकांनी आवाज चढवला. बेकरीवाला दचकला, कूस शोधल्यासारखा हलला आणि पुन्हा कलंडला.

शेजारून त्याची बायको दबक्या आवाजात म्हणाली, "राहू द्या ना, साहेब. पोरगी गेल्यापासून यांचा डोळाच लागला नाही. घरी नुसते येरझारा घालतात."

पोरीला मूठमाती पाळकांनीच दिली होती. तेव्हापासून ते रोज संध्याकाळी बेकरीत जाऊन त्याच्याशेजारी नुसते बसत.

उपदेशाचा सगळ्यात जोरकस भाग अजून पुढेच होता. पाहुणे सरसावून बसले होते. पाळकांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा बेकरीवाल्याकडे. मग त्यांनी माइक बंद केला आणि मुलाला थोपटताना बोलावं तसं बोलायला लागले. मागे काहीच पोचेना. थोड्या वेळाने एका पाहुण्याने घड्याळ पाहिलं, दुसऱ्याने छत.

शेवटचं गीत त्यांनी गाळलं. लोक पावलं न वाजवता बाहेर पडले.

दाराशी पाहुण्यांमधल्या वडीलधाऱ्या गृहस्थांनी हात मिळवला.

"सुरुवात झकास होती हो," ते मोठ्याने म्हणाले. "मग काय, घसा बसला?"

पाळकांनी मागे वळून दार हळूच लोटून घेतलं.

"जरा हळू बोलता का?" ते म्हणाले. "आत माणूस झोपलाय."