मस्कतचा ऊद

पहिली बाटली गुणाजीच्या पायाशी फुटली तेव्हा तो तारा जुळवत होता. त्याने मान वर केली नाही.

मुलुंडच्या मैदानावर मे महिन्यातला संगीत महोत्सव होता. अशा महोत्सवांत गुणाजी परबाला दुपारी चारची वेळ मिळे, मोठ्या बँडच्या आधीची, उन्हातली. मस्कतला बावीस वर्षं ट्रक चालवताना तो एका म्हाताऱ्या शेजाऱ्याकडून ऊद शिकला. अर्ध्या भोपळ्यासारखं पोट, आखूड मान, अकरा तारा. मरताना म्हाताऱ्याने आपलं वाद्य त्यालाच दिलं. असं दुसरं मिळणार नव्हतं. बायकोलाही, शेवंतीलाही, तो त्याला हात लावू देत नसे. वाद्याची पेटी उचलायला मात्र मला, घाटकोपरच्या चाळीतल्या शेजाऱ्याला, बरोबर नेई. का, ते मला कधी कळलं नाही.

उन्हाने तारा उतरत होत्या. आयोजकांपैकी केयूर दोनदा येऊन सांगून गेला, काका, तसंच वाजवा, कोणाला कळतंय.

"माका कळता ना," गुणाजी म्हणाला आणि पुन्हा खुंटी पिळू लागला.

समोरची पोरं बँडसाठी सकाळपासून तापली होती. कोणीतरी भोपळा चिरायला सुरी मागितली, हशा झाला, मग मंचावर खुर्च्या येऊन पडू लागल्या.

तेव्हा मी ते केलं. पस्तीस वर्षं वाचनालयात काढली. गडबड झाली की तोंडातून एकच वाक्य निघतं. माइकपाशी गेलो आणि म्हणालो, "कृपया शांतता राखा."

क्षणभर खरंच शांतता झाली.

"ए म्हाताऱ्या, शाळा आहे काय रे ही?"

चौघे कठडा तोडून वर चढले. कानाखाली बसली, चष्मा उडाला. खाली पडल्यावर बरगड्यांत लाथा बसू लागल्या. एकाने कठड्याचा सुटलेला लोखंडी पाइप माझ्या डोक्यावर उगारला. हात आडवा घालायचंही मला सुचलं नाही.

गुणाजीला मागच्या जिन्याने निघून जाता आलं असतं. केयूर त्याला तिकडेच ओढत होता. तो हात झटकून त्याने ऊद मानेला धरून उचलला आणि पाइपवाल्याच्या तोंडावर हाणला. वाद्याचं पोट फुटलं. पुन्हा हाणला. तिसऱ्या वेळी हातात नुसती मान उरली होती, तरी तो मारत राहिला. त्या पोराच्या नाकातून रक्ताची धार लागली. तो गुडघ्यांवर बसला तेव्हा बाकीचे मागे सरले.

पोलिसांनी लाठ्या चालवून मैदान रिकामं केलं. आमची नावं लिहून घेतली.

मी गुणाजीची माफी मागणार होतो.

त्याआधी तोच म्हणाला, "मास्तरानू, कानातला रगत थांबला काय?"

मी कानाला हात लावून बघितला. थांबलं होतं.

मग तो वाकून मंचावरचे तुकडे गोळा करू लागला. एक खुंटी सापडेना, ती सापडेपर्यंत खुर्च्यांखाली रांगत राहिला. सगळं पेटीत ठेवलं, तारा गुंडाळून वर ठेवल्या, दोन्ही कड्या लावल्या आणि पेटी नेहमीसारखी माझ्या हातात दिली.

वजन तेवढंच होतं. फक्त पावलागणिक आत काहीतरी खडखडत होतं. मी हळू चालू लागलो.