बाळंतिणीच्या खोलीतली शेगडी

नवऱ्याच्या बोलण्यावर मनकर्णाबाईंचा विश्वास नव्हता, चिखलीच्या बाजारातल्या तराजूवर तर मुळीच नव्हता. पण दिवा खोटं बोलत नाही, असं त्या चारचौघांत ठासून सांगत. त्याला कारण होतं. वऱ्हाडचा कारभार नागपूरकडे गेला त्या साली त्यांचा धाकटा दीर निवृत्ती ज्वारी काढायला अंगणातल्या पेवात उतरला. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं धान्याचं कोठार; तोंड लिंपून टाकलं की आतली ज्वारी वर्षभर टिकते, पण आतली हवा नासते. निवृत्ती हसत उतरला आणि वर आला तो दोरानं बांधूनच. तेव्हापासून या घरात पेव उघडलं की आधी आत कंदील सोडायचा आणि तो जळत राहिला तरच माणसानं उतरायचं. हे काम मनकर्णाबाई दुसऱ्या कुणाला करू देत नसत. वीस वर्षांत कंदिलानं त्यांना एकदाही फसवलं नव्हतं.

त्या पौषात त्यांची लेक कोकिळा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. चार लेकरांतली जगलेली ही एकटीच. तिला मुलगी झाली आणि चौथ्या दिवशी अशी थंडी पडली की गोठ्यातल्या बैलांवर पोती टाकावी लागली. बाळंतिणीला वारं लागलं की ती हाती लागत नाही, हे गावातल्या सगळ्या बायकांना पाठ. मनकर्णाबाईंनी खिडकीत जुनी गोधडी कोंबली, दाराच्या फटीला चिंध्या लावल्या, कौलांखालची भोकंसुद्धा शेणामातीनं लिंपून टाकली. मग अंगणात पेटवायची मोठी लोखंडी शेगडी उचलून आत आणली आणि कोकिळेच्या बाजेखाली ठेवली. बाभळीचे कोळसे आधी बाहेर फुलवून घेतले. धूर कसा तो नाही. आपल्या हुशारीवर त्या मनातून खूश होत्या, हे सांगायलाच हवं.

सकाळपासून कोकिळेचं डोकं दुखत होतं. "माय, डोकं लय घणघणून राह्यलं वं," ती म्हणाली. "मळमळतेबी."

"वारं लागलं तुले," मनकर्णाबाई म्हणाल्या आणि आणखी दोन मुठी कोळसे घातले.

तरी मनात पाल चुकचुकलीच. इतकी बंद खोली, इतका विस्तव. पेवाची आठवण त्यांना झाली नाही असं नाही. म्हणून त्यांनी कोनाड्यातल्या दिव्याकडे पाहिलं. बाळंतिणीच्या खोलीतला तो दिवा दहा दिवस विझू द्यायचा नसतो. ज्योत सरळ उभी होती, थरथरसुद्धा नव्हती. त्यांनी दिवा उचलून बाजेखाली धरला, कोपऱ्यात धरला. जळत होता. मनकर्णाबाई निश्चिंत झाल्या.

दुपारी गोजरबाई सुईण आली. बाळ चिमलेलं दिसलं म्हणून तिनं त्याला तेल लावायला ओसरीवर, उन्हात नेलं. मनकर्णाबाई वाटी घेऊन मागोमाग गेल्या. त्यांचंही डोकं ठणकत होतं. जागरणानं असेल म्हणून त्यांनी मनावर घेतलं नव्हतं. उन्हात बसून थोडा वेळ गेला आणि ठणका उतरला. बाळानं हातपाय झाडले, मग असं रडलं की शेजारची रुखमाबाई कुंपणाशी येऊन पाहून गेली.

"आता कशी गळा काढून राह्यली," गोजरबाई कौतुकानं म्हणाली.

बाळाला आत नेऊन त्यांनी आईजवळ निजवलं. कोकिळेनं डोळे उघडले नाहीत. बाळ छातीला लागेना. बघता बघता त्याची मान सैल पडली आणि मनकर्णाबाईंच्या कपाळात तोच ठणका पुन्हा उठला. त्या उठून ओसरीवर गेल्या, उभ्या राहिल्या, पुन्हा आत आल्या. बाहेर उतरतो, आत चढतो.

त्यांनी दिव्याकडे पाहिलं. ज्योत सरळच होती.

आयुष्यात पहिल्यांदा मनकर्णाबाईंना त्या दिव्याचा राग आला. पेवातली हवा तो ओळखत होता; कोळशाच्या या हवेबद्दल त्याला काहीच ठाऊक नव्हतं, आणि त्यांनी मात्र त्याच्या भरवशावर लेकीला कोंडून घातलं होतं. पण खिडकी उघडावी तर बाहेर ते हाड फोडणारं वारं. एका बाजूला गावाचं शहाणपण, दुसऱ्या बाजूला नुसती एक डोकेदुखी.

"कोकिळे," त्यांनी हाक मारली. उत्तर आलं नाही.

त्यांनी पदर हाताला गुंडाळला आणि शेगडी उचलली.

"काऊन वं, काय करून राह्यली?" गोजरबाई पुढे झाली. "वारं लागलं तर मले बोल लावजो नको."

"मायी लेक हाये. बोल मलेच लागन," मनकर्णाबाई म्हणाल्या. "तू लेकराले बाहीर ने."

पदर अपुरा पडला, उजवा तळवा भाजला. शेगडी त्यांनी अंगणाच्या मध्यावर नेऊन टेकवली, परत येऊन खिडकीतली गोधडी उपसली, दार सताड उघडलं. तोवर बाळाला रुखमाबाईच्या हाती देऊन गोजरबाई परतली होती. बोल नको म्हणणारी ती बाई आता पायांकडून वाकली, आणि दोघींनी कोकिळेला गोधडीसकट उचलून उन्हात आणलं. मनकर्णाबाई तिचे गाल चोळत राहिल्या, नाव घेत राहिल्या. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग कोकिळेला मोठी ओकारी झाली आणि तिनं डोळे उघडले.

"माय, थंडी वाजते वं."

मनकर्णाबाई रडल्या. थंडी वाजते हे शब्द इतके गोड लागतील, असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

ऊन उतरल्यावर कोकिळेला आणि बाळाला आत नेलं, शेगडी मात्र अंगणातच राहिली. तिच्यावर चार विटा तापवून, फडक्यात गुंडाळून त्यांनी लेकीच्या पायांशी ठेवल्या. खिडकी उघडी होती. दिवेलागणीला वाऱ्याची झुळूक आत आली आणि कोनाड्यातली ज्योत फडफडून गेली.

गोजरबाईनं छातीवर हात ठेवला. कोकिळा घाबरून म्हणाली, "माय, दिवा इझला."

"इझू दे," मनकर्णाबाई म्हणाल्या.

काड्यापेटी हाताशी होती, त्यांनी ती घेतली नाही. अंधारात चाचपत त्यांनी भाजलेला तळवा लेकीच्या नाकापुढे धरला. कोकिळेचा श्वास त्या आगीवर आला, गेला, पुन्हा आला.