अठराव्या वर्षाची ओळ

"फ्रीजनबाई, त्या शेवटच्या दगडाचं सांगा की जरा," कानामागची पेन्सिल काढत लाइल टँगन म्हणाला. "एकच ओळ हवी. दुपारी फळी भिंतीला ठोकायचीय."

क्लबच्या स्वयंपाकघरात हिल्डा फ्रीजनचे हात पिठात होते. बटाट्याचं सारण भरलेल्या, करंजीसारख्या दोनशे पिरोगी मुडपून झाल्या होत्या, अजून शंभर बाकी होत्या.

"त्यात काय सांगायचं? दगड गेला आणि थांबला," ती म्हणाली.

"अख्ख्या पन्नास वर्षांतला सगळ्यात चुरशीचा सामना, आणि तुम्ही म्हणताय दगड थांबला!"

लाइल क्लबचा चिटणीस. गावच्या धर्मादाय कर्लिंग स्पर्धेला, म्हणजे बर्फावरून जड दगड वर्तुळाच्या मध्याकडे घसरवायच्या खेळाला, यंदा पन्नास वर्षं झाली, म्हणून त्याने एक लांबलचक फळी करून घेतली होती. दर वर्षाला एक ओळ. पहिल्या वर्षी उणे चाळीसच्या थंडीत इस्पितळाचा बॉयलर फुटला, तेव्हा त्याच्यासाठी पैसे जमवायला आठ चमू बर्फावर उतरले. नवव्या वर्षी हॉलचं छप्पर बसलं, तर मंडळी गोठलेल्या तळ्यावर जाऊन खेळली. बाविसाव्या वर्षी बक्षिसाचं हॅम पाद्रीबुवांच्या कुत्र्याने पळवलं, तेही फळीवर होतं. रिकामी होती ती फक्त अठराव्या वर्षाची ओळ.

त्याच इस्पितळाच्या धुलाईखान्यात हिल्डाने एकतीस वर्षं चादरी धुतल्या. चादरी धुणाऱ्या बाईचा फोटो कोण काढतो? साऱ्या गावात तिचा एकच फोटो लागला होता, क्लबच्या भिंतीवर, तो अठराव्या वर्षीचा. हातात चषक आणि शेजारी तिच्या चमूतल्या तिघी. त्या तिघी आता चर्चमागच्या मातीत होत्या.

खरं सांगायचं तर त्या दिवशी घडलं ते असं. तिच्या चमूचा शेवटचा दगड घसरत निघालेला, तो लांब जावा म्हणून हिल्डा त्याच्यापुढे वाकून झाडूने बर्फ घासतेय, आणि झाडूचं टोक दगडाला लागलं. लागलं म्हणजे काय, नुसतं चाटून गेलं. पण या खेळात पंच नसतो. ज्याचा झाडू लागला त्यानेच हात वर करायचा आणि दगड बाजूला ठेवायचा. ठेवला असता तर सामना समोरच्या चमूच्या बर्नीस कोवाल्चुकचा होता. दगड नेमका वर्तुळाच्या मधोमध थांबला, लोकांनी घंटा बडवल्या, आणि हिल्डाने तोंडात मिठाची गुळणी धरली ती आजतागायत. बत्तीस वर्षं झाली. फोटोखालून जाताना ती मान वर करत नसे. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय?

आणि आता तो खोटा विजय फळीवर चढणार. आपण गेल्यावरही पोरंबाळं तो वाचत बसणार. तिने पातेल्यावर फडकं टाकलं आणि ती बाहेर आली.

काचेपाशी बर्नीस खाली चाललेला खेळ बघत, खेळणाऱ्यांना नावं ठेवत बसली होती. हिल्डाने आधी ॲप्रनच्या टोकाने धरून भिंतीवरचा फोटो उतरवला, मग तिच्यासमोर उभी राहिली.

"बर्नीस, अठराव्या वर्षी माझा झाडू लागला होता."

"ठाऊक आहे."

"तुला दिसलं होतं?"

"अगं, माझ्या नाकासमोर तर लागला. मी आंधळी आहे का?"

"मग बोलली का नाहीस?"

"ते सांगणं तुझं काम. माझं काम थांबायचं."

"बत्तीस वर्षं?"

"तू पहिल्यापासूनच जरा सावकाश. चादरी तरी कुठे वेळेवर यायच्या तुझ्या?"

हिल्डाला हसू आलं आणि डोळेही भरून आले. "दर गुरुवारी माझ्याबरोबर पत्ते कुटायचीस आणि हे पोटात ठेवलंस?"

"पत्त्यांत कुठे लबाडी करत होतीस तू? केली असतीस तर काढलं असतं."

लाइल पेन्सिल घेऊन मागून आला होता. "मग मी लिहू काय?" त्याने चाचरत विचारलं.

"लिही," बर्नीस म्हणाली, "विजेत्या कोवाल्चुक. निकाल उशिरा लागला."

"फोटो मी घरी नेते," हिल्डा म्हणाली. "तिघी आहेत ना त्यात."

फोटो होता तिथे भिंतीवर चौकोनी फिकट डाग उरला होता. बर्नीसने तो पाहिला, काठी टेकली आणि कण्हत उठली. बदललेल्या खुब्याने ती पावलं मोजत बारच्या काउंटरकडे निघाली. लाइल धावला, तर तिने त्याला काठीनेच बाजूला सारलं.

"बर्नीस, काय हवं ते मी आणते," हिल्डा म्हणाली.

"बस खाली. त्या वर्षी तू मला पाजलीस, रीतच आहे, जिंकणाऱ्याने हरणाऱ्याला पाजायची. आज माझी पाळी. हरलेल्याने उठायचं नसतं."

हिल्डा बसली. पिठाचे हात मांडीवरच्या फोटोला लागू नयेत म्हणून तिने ते उचलून धरले, आणि दोन प्याले सांभाळत हळूहळू येणाऱ्या बर्नीसची ती वाट बघत राहिली.